रस्ता कोणाचा, भाऊ?

विचारा नं भाऊ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की घरचं नेट रखडत असलं तर राऊटरला शिव्या देण्याआधी जरा बाहेरचा खांब पाहून या. त्यावर एवढी पत्रं आली नं बावा, की या वेळी सातबारा अन् पेन्शनवाल्यांना थांबवावं लागलं, रागावू नका, पुढच्या महिन्यात घेतो. बहुतेकांचं म्हणणं एकच : केबल टाकायला पैसे आहेत, माणसं आहेत, मग सरकारी जागेतून न्यायची परवानगी एवढी अडते काऊन? मी काही वकील नाही. बत्तीस वर्षं केबल टाकणाऱ्यांच्या बाजूनं फायली फिरवल्या, साहेबांच्या केबिनबाहेर बसलो अन् मे महिन्याच्या उन्हात जेसीबीच्या मागंही उभा राहिलो, त्या शिदोरीवर सांगून राहिलो.

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी मानेवाडा भागात इंटरनेटची लाईन देतो, एका कंपनीची फ्रँचायझी आहे. मेन रोडपासून आतल्या एका नव्या ले-आउटपर्यंत नऊशे मीटर फायबर न्यायची आहे, चाळीस घरं वाट पाहून राहिली. चार महिने झाले, तीन कार्यालयं फिरलो, प्रत्येक ठिकाणी सांगतात हा रस्ता आमच्याकडे नाही, तिकडे जा. नवीन नियमात ६७ दिवसांत उत्तर नाही आलं तं परवानगी मिळाली असं समजायचं असं वाचलं. मग उद्या जेसीबी लावू का? – एक तरुण वाचक, मानेवाडा

उत्तर : नको लावू रे बाबा. निदान उद्या नको.

तू वाचलं ते बरोबर आहे. आधी २०१६ चे राईट ऑफ वेचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून लाईन न्यायच्या हक्काचे, नियम होते, १८८५ च्या तार कायद्याखालचे, त्यात मुदत ६० दिवसांची होती. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला अन् त्याखालचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, त्यात जास्तीत जास्त ६७ दिवस. तेवढ्यात ना हो आलं, ना नाही आलं, तर परवानगी मिळाली असं धरायचं. नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागते. कागदावर हे सगळं चोख आहे. पण गड्या, ते ६७ दिवस मोजायचे कुठून? ज्याची जमीन आहे त्या कार्यालयाकडे पूर्ण अर्ज पोचला त्या दिवसापासून. तू तीन कार्यालयांत तोंडी विचारत फिरला ते चार महिने त्या घड्याळात धरतच नाहीत. तुझ्या पत्रात अर्जाचा नंबर कुठंच नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

म्हणून पहिलं काम, रस्ता कोणाचा ते पक्कं कर. बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटते, रस्ता म्हणजे महानगरपालिकेचा, संपलं. पण आपल्या नागपुरात तसं नाही. १९३६ पासून सुधार प्रन्यास आहे, त्यांनी पाडलेले ले-आउट आहेत, काही हस्तांतरित झाले काही नाही, मग गुंठेवारीचे, मग शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, मधून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा नाहीतर राष्ट्रीय महामार्ग, अन् वरून मेट्रोचा खांब आला की त्याच्या पायाजवळ खोदायचं तर महामेट्रोला विचारा. एकाच नऊशे मीटरमध्ये तीन मालक निघू शकतात. रेल्वेची लाईन आडवी आली तर आणखी गंमत, आपल्याकडे नागपूर विभाग दोन आहेत, एक मध्य रेल्वेचा अन् एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, चुकीच्या विभागात अर्ज टाकला तर तो तिथंच झोपते.

माझाच अनुभव सांगतो. एका कामात आमची फाईल पाच महिने हलली नाही. सगळे म्हणे साहेब सही करत नाही, साहेबांना काहीतरी पाहिजे. मी पण तेच समजलो होतो, खोटं कशाला बोलू. शेवटी एका म्हाताऱ्या मोजणीवाल्यानं नकाशा उलगडून दाखवला, आमच्या रूटचे शेवटचे चाळीस मीटर दुसऱ्याच खात्याच्या हद्दीत होते. साहेब सही करत नव्हता कारण त्याला सही करता येतच नव्हती, अन् तसं लिहून द्यायचंही त्याला सुचलं नाही. पाच महिने! अन् आम्ही चहाच्या टपरीवर त्याच्या नावानं बोटं मोडत होतो.

तर असं कर. रूट स्वतः पायी चाल. रस्त्याच्या कामाचा बोर्ड असतो बघ, कोणत्या खात्यानं केला, ठेकेदार कोण, दोष निवारण कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायचा काळ, कधीपर्यंत, त्याचा फोटो काढ. तो कालावधी संपला नसेल तर खोदायच्या नावानं सगळे बिचकतात, कारण उद्या रस्ता खचला तर ठेकेदार म्हणते केबलवाल्यानं खोदला, केबलवाला म्हणते आधीच कच्चा होता. मग मालकी सांगणारा कागद माग, माहिती अधिकारात दहा रुपयात मिळते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. हे तीस दिवस लय वाटतात पण तू चार महिने घालवलेच नं. त्यानंतर प्रत्येक मालकाचा एकेक इंजिनीअर घेऊन संयुक्त पाहणी कर, एकाच दिवशी, एकाच रूटवर, अन् जागेवरच पंचनाम्यासारखा कागद करून सह्या घे. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट ही एकच आहे, पोर्टल वगैरे नंतर.

पोर्टलचंही सांगतो, गतिशक्ती संचार नावाचं केंद्राचं पोर्टल १४ मे २०२२ ला सुरू झालं, अर्ज तिथून टाकला की नंबर पडते अन् कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते दिसते. तोच नंबर म्हणजे तुझं घड्याळ.

आता दुसरी अडचण, अन् ही मला जास्त खटकते. अर्ज कोणाच्या नावानं करणार? राईट ऑफ वेचा हक्क अधिकृत कंपनीला असते, किंवा तिच्या वतीनं काम करणाऱ्या ठेकेदाराला, एजंटला. तुझ्या मूळ कंपनीकडे इंटरनेटचा परवाना असेल, ए म्हणजे देशभराचा, बी म्हणजे सर्कलचा, साधारण एका राज्याएवढा, सी म्हणजे आपल्या भागापुरता, तर अर्ज तिच्या नावानं, तिच्या लेटरहेडवर, तुला दिलेल्या अधिकारपत्रासकट गेला पाहिजे. फ्रँचायझीच्या शिक्क्यानं गेला तर पहिल्याच टेबलावर परत. अन् नुसता केबल टीव्हीचा धंदा असेल तर हे नियम तुला तसेच्या तसे लागू होत नाहीत, हे आधीच समजून घे.

तिसरं पैशाचं. २०१६ च्या नियमात जमिनीखालच्या लाईनसाठी प्रशासकीय फी किलोमीटरला १००० रुपयांच्या वर घेता येत नव्हती. पण फी म्हणजे खर्च नव्हे. खरा आकडा रस्ता पूर्ववत करण्याचा. एकतर ती रक्कम त्यांना भर, नाहीतर मी स्वतः करून देतो असं लिहून दे, त्यात बँक गॅरंटी मागतात. डांबरी रस्त्याचं चालून जाते, पण आपल्या शहरात जिकडे तिकडे सिमेंट रोड झाले, तो एकदा कापला की ठिगळ आयुष्यभर दिसते, गाडी धडधडतेच. म्हणून सिमेंट रोड आडवा पार करायचा असेल तर अर्जातच लिही, की एचडीडी, म्हणजे जमिनीखालून आडवं भोक पाडणाऱ्या, मशिननं खालून नेतो, वरून कापणार नाही. इंजिनीअरचा अर्धा विरोध तिथंच मावळते. महाग पडते, हाव, पण चाळीस घरांचं पुढच्या पाच वर्षांचं भाडं धर अन् हिशोब कर.

अन् ६७ दिवस खरंच उलटले, अर्ज पूर्ण होता, पोचपावती आहे, तर गुपचूप जेसीबी लावू नको. लेखी कळव, की नियमाप्रमाणे परवानगी मिळाली असं धरून अमुक तारखेला काम सुरू करतो, प्रत वाहतूक पोलिसांना अन् महावितरणला. वाद झालाच तर नव्या कायद्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते. महावितरणला प्रत का म्हणतो, तर खाली अकरा केव्हीची केबल असते. नियमानं तुला परवानगी दिली म्हणून ती केबल जेसीबीच्या दाताला सोडणार नाही. मी एका पोराचा हात भाजलेला पाहिला आहे, त्यापुढं काही लिहीत नाही.

अजून एक, पाऊस. जूनच्या तोंडावर खोदकाम सहसा बंदच करतात, ते दिवाळीच्या आसपास मोकळं होते. फेब्रुवारीत जागं झालेल्या माणसाची फाईल पावसात भिजतेच. तू आता सुरुवात कर.

प्रश्न : तुम्ही परवानग्या लवकर द्या म्हणता, पण नागपुरातल्या सदर या वस्तीत आमच्या घरासमोरचा रस्ता एकदा पाण्यासाठी, एकदा गटारीसाठी अन् दोनदा केबलसाठी खोदला. परवानगी आणखी सोपी केली तर रस्त्यावरून चालायचं कसं? – एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : काका, तुमचा राग शंभर टक्के बरोबर, अन् मी केबलवाल्यांच्या बाजूचा असूनही सांगतो, चूक आमच्याही लोकांची आहे. रात्रीतून खोदायचं, वरून माती लोटायची, पहिल्या पावसात खड्डा.

पण परवानगी उशिरा दिली म्हणून खोदकाम कमी होत नाही नं. ते होतेच, फक्त चोरून होते, अन् चोरून खोदणारा रस्ता काय नीट करून देणार? खोदकाम कमी करायचा रस्ता वेगळा आहे, जमिनीखाली एकदाच पोकळ डक्ट टाकून ठेवायचा अन् मग ज्याला केबल न्यायची त्यानं भाडं देऊन त्यातून ओढायची. २०२३ च्या कायद्यात सामाईक डक्ट अन् केबल कॉरिडॉरची सोय आहे. सिमेंट रोड करतानाच खालून दोन-चार रिकामे पाईप आडवे टाकले असते तर तुमचा रस्ता निदान केबलवाल्यांपासून वाचला असता. पाईपचा खर्च रस्त्याच्या खर्चापुढं चिल्लर. हे सुचवायची वेळ रस्ता मंजूर होताना असते, झाल्यावर नाही, म्हणून तुमच्या भागातला पुढचा रस्ता निविदेत असेल तेव्हाच झोन ऑफिसात लेखी मागणी टाका.

अन् कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप आहे, मार्च २०२३ पासून. खोदणाऱ्यानं आधी त्यात नोंद करायची, मग त्या जागी ज्यांच्या लाईनी आहेत त्यांना निरोप जाते. पुढच्या वेळी दारासमोर जेसीबी आला की ऑपरेटरला विचारा, नोंद केली का भाऊ? तो गडबडला तर समजून जा.

प्रश्न : आमच्या ले-आउटच्या ओपन स्पेसमध्ये, पोरं खेळतात तिथं, टॉवर येणार असं ऐकतो. रेडिएशनची भीती वाटते. तक्रार केली तर थांबेल का? – एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, यात दोन प्रश्न एकात अडकले, ते आधी सोडवू.

रेडिएशनचं पहिले. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागं ०.४५ वॅट. तुमच्या घरी ती पाळली जाते की नाही हे मोजून घेता येते, दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल आहे, त्यावर जवळच्या टॉवरची माहिती दिसते अन् फी भरून मोजणी मागता येते. व्हॉट्सॲपवर चिमण्या मेल्याचे फोटो फिरतात त्यापेक्षा हा कागद हातात ठेवा. अन् एक गंमत सांगू, टॉवर दूर असला की मोबाईल जास्त जोर लावते, अन् मोबाईल आपण कानालाच लावतो.

दुसरा प्रश्न जागेचा, अन् तुमचा खरा मुद्दा तिथं आहे असं मला वाटते. टॉवर कोणाच्या खासगी छतावर आला असता तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर परवानगीच लागत नव्हती, आधी लेखी कळवायचं अन् इमारत वजन पेलते याचं इंजिनीअरचं प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच. पण ओपन स्पेस तुमच्या सगळ्यांची आहे, मंजूर नकाशात ती कशासाठी सोडली ते लिहिलेलं असते. तिथं टॉवर चालतो का हे नकाशाच सांगेल, रेडिएशन नाही. म्हणून तक्रारीत रेडिएशनचं पान भरू नका, ते पहिल्या सुनावणीत उडते. मंजूर ले-आउटची प्रत काढा, जागेवर पर्याय दाखवा, कोपऱ्यातली पंप हाऊसची गच्ची, पाण्याची टाकी, काहीतरी. नुसतं नको म्हणणाऱ्यापेक्षा तिकडे न्या म्हणणाऱ्याचं लवकर ऐकतात, हा माझा अनुभव. अन् तुमच्याच ले-आउटमधले अर्धे लोक रेंज नाही म्हणून गच्चीवर चढून बोलतात नं, त्यांनाही सही करायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न : पारशिवनी तालुक्यातल्या गावाचा सरपंच बोलतो. ग्रामपंचायतीत नेटचा डबा आला, दोन वर्षांपासून बंद. वायर मधी तुटली म्हणे, दुरुस्तीला जंगलखात्याची परवानगी पाहिजे म्हणे. खरं आहे का?

उत्तर : सरपंच साहेब, अर्धं खरं. तुमचा डबा भारतनेटचा, म्हणजे ग्रामपंचायतींना नेट पोचवायच्या केंद्राच्या योजनेतला, दिसते. ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, अन् तिच्यासाठी केंद्र अन् राज्यांमध्ये करार झाले की रस्त्याकडेनं केबल न्यायला राज्यं पैसे मागणार नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली, १,३९,५७९ कोटींची, त्यात गावं गोल साखळीत जोडायची आहेत म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालेल. त्यामुळे तुमच्या गावाचं नाव त्या नव्या कामात आहे का, हे आधी पंचायत समितीत विचारा, नाहीतर जुनी वायर जोडत बसाल अन् शेजारून नवी निघून जाईल.

आता जंगल. रस्त्याच्या हद्दीतच, झाड न तोडता, दोन मीटर खोल अन् एक मीटर रुंदीच्या आतला चर खोदून केबल टाकायची असेल तर वन कायद्याखाली सर्वसाधारण मंजुरी आधीच दिलेली आहे, दरवेळी दिल्लीपर्यंत जायचं काम नाही. फायबरचा चर असतोच साधारण १.६५ मीटरचा, म्हणजे त्यात बसते. पण ही सवलत अभयारण्य अन् राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर. तुमच्या तालुक्यात पेंच आहे, तर वायर तुटली ती जागा हद्दीच्या आत की बाहेर, सगळा खेळ त्यावर. फॉरेस्ट गार्डला सोबत घेऊन त्या जागेचं जीपीएस वाचन घ्या अन् वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून बाहेर आहे असं लेखी घ्या. बाहेर निघाली तर तुमचं काम आठवड्यांचं आहे. आत निघाली तर मग खांबावरून, महावितरणच्या लाईनच्या रूटनं नेता येते का ते विचारा, वर्षं मोजत बसू नका.

अन् ग्रामसभेचा ठराव घालून ठेवा, की गावाच्या हद्दीत केबल टाकायला, दुरुस्तीला ग्रामपंचायतीची हरकत नाही. गावाच्या रस्त्यापुरते परवानगी देणारे तुम्हीच आहात. तुमचीच फाईल अडकली तर कोणाला शिव्या द्यायच्या!

प्रश्न : स्ट्रीट लाईटच्या खांबांवर छोटे छोटे डबे लावून राहिले, त्याचे कोणाला पैसे जातात? – धंतोली

उत्तर : ते स्मॉल सेल असतील, गर्दीच्या ठिकाणी फाईव्ह-जीची रेंज भरायला लावतात. पैसे खांबाच्या मालकाला. २०२२ च्या दुरुस्तीत शहरात एका खांबाचे वर्षाला ३०० रुपये अन् गावात १५० रुपये ठरवले होते. कमी वाटते, मलाही वाटते, पण आधी प्रत्येक शहर आपापला आकडा सांगायचं अन् कोणीच डबे लावत नव्हतं, त्यापेक्षा बरं. केबल नुसती लोंबकळत असेल, कोणाच्या नावाची पट्टी नसेल, तर ती बहुतेक विनापरवाना, झोनला कळवा.

प्रश्न : भाऊ, खरं सांगा, काही दिल्याशिवाय फाईल हलते का? – नाव नको

उत्तर : हलते. हळू हलते, पण हलते. नियमात ठरलेल्या फीच्या वर कोणी मागितलं तर पावती मागा, पावती नाही म्हटलं तर १०६४, हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे. अन् देणाऱ्यांनाही सांगतो, ज्या फाईलमध्ये नकाशा चुकला तिच्यावर पैसे ठेवले तरी ती चुकीच्याच टेबलावर पोचते. माझे पाच महिने आठवा.

मानेवाड्याच्या पोराला एक राहिलं. पुढचं पत्र लिहिशील तेव्हा रस्त्याच्या बोर्डाचा फोटो जोड, दोन्ही टोकांचा, अन् रूट पेन्सिलनं काढून पाठव. मग सांगतो कोणत्या दाराशी जायचं ते.